तळघराचा आठवा मजला

माणसानं खोटं बोलावं, पण बेतानं बोलावं, आणि शक्यतो अशा गोष्टीबद्दल बोलावं की जी कोणी ‘करून दाखवा’ म्हणणार नाही. तरुणपणी आपण नदी पोहून पार करायचो, असं साठी उलटलेल्या गृहस्थानं खुशाल सांगावं. त्याला कोणी पाण्यात उतरवत नाही. काटकोनांना एवढं तारतम्य राहिलं नाही. त्यांनी सुनेला सांगितलं, की तळघर आपण शेवटपर्यंत जिंकलं होतं.

काटकोन हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण खात्यात चौतीस वर्षं आरेखक म्हणून, म्हणजे जमिनीखालच्या नळांचे आणि गटारांचे नकाशे काढण्यात, त्यांची हयात गेली. इतक्या वर्षांत आपल्या हातून एक रेघ तिरकी गेलेली नाही, असा त्यांचा दावा होता. निवृत्त झाल्यावरही ते वर्तमानपत्राची घडी टेबलाच्या कडेला समांतर ठेवत आणि कोणी ती हलवली तर काही न बोलता परत जागेवर आणत. नाव खात्यातल्यांनी ठेवलं, सोसायटीनं उचललं, आणि आता बँकेतली मुलगीसुद्धा ‘काटकोनकाका’ म्हणून हाक मारते.

आणि तळघर म्हणजे कॉम्प्युटरवरचा गेम. खात्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला स्वतंत्र खोली होती, आत शिरताना चपला बाहेर काढायला लागायच्या, आणि त्याचं नेमकं काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. अशा वेळी ओव्हरसियरनं कुठून तरी एक फ्लॉपी पैदा केली. गेमला लांबलचक इंग्रजी नाव होतं, ते कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे नुसतं तळघर म्हणत. काळ्या पडद्यावर हिरव्या रेघा, त्या भिंती. आठ मजल्यांचं तळघर, तळाशी राक्षस, आणि आपण सहा वीर तयार करून खाली उतरायचं. वीर मेला की मेला. फ्लॉपीवर तसंच कोरलं जाई. पडद्यावर आपल्यापुढची दोन पावलं तेवढी दिसत, त्यामुळे वाट चुकायची नसेल तर एकेका पावलाचा नकाशा कागदावर काढणं भाग होतं. टायपिस्ट बटणं दाबी, ओव्हरसियर लढाया ठरवी, आणि नकाशा कोण काढी हे सांगायला नको.

सून गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. लग्न होऊन घरात आल्यावर सहा महिने सासरे-सुनेचं संभाषण ‘चहा ठेवू का’ आणि ‘ठेव’ यापलीकडे गेलं नव्हतं. मग एका सकाळी ती नवऱ्याला सांगत होती, की अंधारात शिरायचं, पेटी उघडायची, जखमा बऱ्या करून पुढं जायचं, ही आजच्या गेमांमधली सगळी रीत एका जुन्या गेमनं घालून दिली. काटकोनांनी वर्तमानपत्र खाली घेतलं आणि म्हणाले, ‘‘तळघर ना? आम्ही खेळायचो.’’

सुनेच्या हातातला कप तसाच राहिला. ‘‘बाबा, तुम्ही? मग शेवटपर्यंत गेला होतात?’’

‘‘हो,’’ काटकोन म्हणाले.

वास्तविक ते सातव्या मजल्यावर संपले होते. ओव्हरसियरनं सगळ्यांचा विरोध मोडून एक पेटी उघडली, तीतून विषारी वायू निघाला, आणि सहाच्या सहा वीर जागच्या जागी आडवे झाले. पुढल्याच आठवड्यात कॉम्प्युटर आस्थापना विभागात गेला. पण सून ज्या नजरेनं बघत होती, त्या नजरेनं त्या घरात त्यांच्याकडं खात्याच्या परीक्षेच्या निकालानंतर कोणी बघितलेलं नव्हतं. तिच्या ‘बाबा’ शब्दाला त्या दिवसापासून वजन आलं. ती कामातल्या अडचणी त्यांना विचारू लागली, मैत्रिणींना घेऊन येऊ लागली, आणि काटकोन ‘आमच्या वेळी काय असायचं’ अशी सुरुवात करून त्यांना पहिल्यापासून सातव्या मजल्यापर्यंत फिरवून आणत. आठव्याचा विषय निघाला, की म्हणत, ‘‘ते ज्याचं त्यानं बघावं. सांगण्यात मजा नाही.’’

दीड वर्ष हे सुखानं चाललं. मग एका रविवारी सून नाचतच आली. त्या गेमला चाळीस वर्षं झाली म्हणून तिच्या कंपनीत पुढल्या रविवारी कार्यक्रम होता. जुन्या वस्तू जमवणारा एक गृहस्थ खरा जुना कॉम्प्युटर आणणार होता, त्याच्या फ्लॉपीवर सहा वीर आठव्या मजल्याच्या पायरीवर तयार उभे होते, आणि प्रमुख पाहुणे म्हणून काटकोन सगळ्यांसमोर शेवटचा मजला खेळून दाखवणार होते.

‘‘सातवा नाही का चालणार?’’ काटकोनांनी विचारलं.

‘‘सातवा काय, कोणीही दाखवेल,’’ सून म्हणाली.

ती गेल्यावर बायको म्हणाली, ‘‘अहो, तुम्ही तर आठव्यावर गेलाच नव्हतात. ते सहा जण मेले तेव्हा दोन दिवस धड जेवला नव्हतात. मला वाटलं, खात्यातलंच कोणी गेलं.’’ सुनेला आत्ताच सांगून मोकळे व्हा, असा तिचा सल्ला होता. काटकोनांनी तो रविवारनंतर अमलात आणायचं ठरवलं. तोपर्यंत सात दिवस होते. सून नऊला जाई, आठला येई. मधल्या वेळात घरीच खेळून आठवा मजला एकदा गाठायचा, नकाशा काढायचा, पाठ करायचा, म्हणजे जे खोटं होतं ते मागच्या तारखेनं खरं होऊन जाईल. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला यात गैर काहीच वाटलं नाही.

सुनेनं जुन्या लॅपटॉपवर तो गेम कौतुकानं घालून दिलेला होताच. सोमवारी काटकोन बसले. सहा वीरांना नावं द्यायची होती आणि डोकं चालेना, म्हणून त्यांनी जिन्यातल्या दारांवरच्या पाट्या आठवल्या आणि शेजाऱ्यांचीच नावं दिली. चुकलं ते इथंच. पहिल्या मजल्यावर, दहाव्या पावलाला, वरच्या मजल्यावरचे होमिओपॅथ डॉक्टर उंदीर चावून वारले. काटकोन मोठ्यानं म्हणाले, ‘‘डॉक्टर गेले.’’ दार उघडं होतं आणि जिन्यातून समोरचे निवृत्त कंडक्टर चालले होते. पाच मिनिटांत सगळी सोसायटी डॉक्टरांच्या दाराशी, आणि खुद्द डॉक्टर दार उघडून ‘कोणाला बरं नाही?’ विचारताहेत.

खुलासा झाल्यावर प्रकरण मिटायला हवं होतं, पण ते तिथून वाढलं. डॉक्टरांना मेल्याचं दुःख नव्हतं, उंदराचं होतं. इतकी वर्षं प्रॅक्टिस केलेला माणूस साध्या उंदरानं जावा, हे त्यांना पटेना. दुसऱ्या डावात आपल्याला मागच्या रांगेत ठेवा असं ते बजावून गेले. कंडक्टर म्हणाले, मागच्या रांगेत गर्दी करूनच घोटाळा होतो, सगळ्यांनी पुढं सरकलं पाहिजे. सोसायटीच्या सेक्रेटरींना आपला वीर नेता नाही हे कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, की हे कोणत्या ठरावानं ठरलं. मंगळवारी सकाळी तिघंही खुर्च्या घेऊन हजर. उंटावरचा शहाणा एक असला तर निभतं. इथं तीन होते आणि उंट एकच. दोन वाटा लागल्या, की कंडक्टर उजवीकडं म्हणत, डॉक्टर ‘आधी थोडं थांबून लक्षणं बघू’ म्हणत, आणि सेक्रेटरी मतदान घेत. तेवढ्यात पिशाच्च येई. मंगळवार संध्याकाळपर्यंत डॉक्टर चार वेळा, कंडक्टर सहा वेळा आणि सेक्रेटरी तीन वेळा मेले होते, आणि दुसरा मजला कोणी पाहिलेला नव्हता. शेवटी तर कंडक्टरांच्या बायकोनं येऊन, यांना रोज काय म्हणून मारता, हे बरं दिसत नाही, असं काटकोनांच्या बायकोला ऐकवलं.

तेव्हा काटकोनांच्या लक्षात आलं, की आपले जुने नकाशे मिळाले तर सात मजले एका दिवसात उतरता येतील. आणि ते कुठं आहेत हेही त्यांना आठवलं. तेव्हाच्या साहेबांचा नियम होता, की शाईनं काढलेला कोणताही नकाशा नोंदवहीत क्रमांक पडल्याशिवाय खोलीबाहेर जाणार नाही आणि कधीही फाडला जाणार नाही. एके दुपारी साहेब अचानक आत आले, तेव्हा टेबलावर तळघर पसरलेलं होतं. सात मजले, ट्रेसिंग कापडावर, शाईत, उत्तर दिशेच्या बाणासकट. साहेब चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. मग सगळ्या आरेखकांना बोलावून म्हणाले, काम असं असतं, आणि कोपऱ्यात सही ठोकली. आता हा गेम आहे म्हणून कोण सांगणार? काटकोनांनी निमूटपणे वर ‘भूमिगत रचना, स्तर १ ते ७’ असं लिहिलं. नोंदीला भूखंड क्रमांक लागतो म्हणून खात्याच्याच एका ओसाड जागेचा क्रमांक टाकला. तिथं काटेरी झुडपांशिवाय काही नव्हतं, आणि झुडपं तक्रार करत नाहीत.

बुधवारी ते जुन्या कचेरीत गेले. अभिलेख कक्षातल्या बाई नवीन होत्या. त्यांनी तीन पानी अर्ज दिला, तो भरून घेतला, कॉम्प्युटरवर क्रमांक घातला आणि म्हणाल्या, ‘‘या नकाशाची नक्कल मिळणार नाही. चालू प्रकरण आहे.’’

‘‘कसलं प्रकरण?’’

‘‘लिफ्टचं. त्या भूखंडावरच्या सोसायटीला लिफ्ट हवी आहे. पण जमिनीखाली सात मजली रचना आहे ना, तिथं खड्डा कसा खणू देणार?’’

काटकोन बाकावर बसले. खात्यानं ती ओसाड जागा पुढं एका गृहनिर्माण सोसायटीला दिली होती. त्याच सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, ते स्वतः बावीस वर्षं राहत होते. चार वर्षांपूर्वी जुने नकाशे कॉम्प्युटरवर चढवले गेले, त्यात तळघर वर आलं, आणि तेव्हापासून लिफ्टचा अर्ज पाच वेळा नामंजूर झाला. काय भूमिगत रचना आहे हे कळवा, असं पत्र सोसायटीतर्फे ज्यांनी तीनदा लिहिलं, आणि सर्वसाधारण सभेत खात्याच्या गलथानपणावर ज्यांनी वीस मिनिटं भाषण केलं, ते गृहस्थ म्हणजे काटकोनच. बायकोचे गुडघे गेलेले होते. प्रत्येक मजल्यावर थांबून ती रोज लिफ्ट अडवणाऱ्याचा जो उद्धार करी, तो चार वर्षं आपलाच होत होता हे त्यांना त्या बाकावर समजलं.

गुरुवारी त्यांनी मनाचा हिय्या केला आणि कार्यकारी अभियंत्यांपुढं उभं राहून सगळं कबूल केलं. ओव्हरसियर, टायपिस्ट, फ्लॉपी, पेटी, काही ठेवलं नाही. अभियंता तरुण होते, शांत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि फाइल उलटवून एक कागद दाखवला. नकाशे कॉम्प्युटरवर चढवताना प्रत्येकाची तपासणी झाली होती आणि या नकाशाखाली कोणा कनिष्ठ अभियंत्यानं लिहिलं होतं : ‘प्रत्यक्ष पाहणी केली. नकाशाप्रमाणे आढळले.’

‘‘आढळलं कसं?’’ काटकोन म्हणाले. ‘‘तिथं काही नाहीच आहे.’’

‘‘असं तुम्ही म्हणता,’’ अभियंता म्हणाले. ‘‘तो माणूस खाली उतरून आलाय.’’

मग त्यांनीच दया येऊन एक वाट सांगितली. सातव्या स्तरावर खाली जाणारी पायरी दाखवलेली होती आणि पुढं काही नव्हतं. म्हणजे नकाशा अपूर्ण. अपूर्ण रचना चालू मानावी लागते. शेवटचा स्तर काढून, कोणाच्या तरी पाहणीच्या सहीनिशी जोडला, तर ‘रचना पूर्ण, वापरात नाही’ असा शेरा मारून फाइल बंद करता येईल. काटकोनांनी विचारलं, की आठवा स्तर मनानंच काढून दिला तर? अभियंत्यांनी त्यांच्याकडं दुःखानं पाहिलं. खात्याच्या माजी मुख्य आरेखकानं हे विचारावं, याचं त्यांना वाईट वाटलं असावं. काटकोनांनाही वाटलं.

शुक्रवार, शनिवार असेच गेले. डॉक्टर आणखी दोनदा वारले.

रविवारी कंपनीचं सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत सगळी सोसायटी, कारण आपण सहा जणच आठव्या मजल्यावर जाणार अशी कंडक्टरांनी जिन्यात बातमी केली होती. व्यासपीठावर तो जुना कॉम्प्युटर, मागं मोठा पडदा, आणि पडद्यावर हिरव्या रेघांची एक पायरी. सुनेनं माइक घेऊन सांगितलं, की आपण सगळे जो धंदा करतो तो या गेममधून निघाला, आणि इथं आपल्यात एक माणूस आहे जो ही पायरी उतरून परत आला आहे. तो माझा सासरा आहे, असं म्हणून तिनं त्यांच्याकडं हात केला. टाळ्या पडल्या. काटकोन चालत गेले, बसले, पडद्याकडं बघितलं. मग पिशवीतून आलेखाचा कोरा कागद, पट्टी आणि पेन्सिल काढली आणि कागद टेबलाच्या कडेला समांतर लावला.

‘‘बाबा, नकाशा कशाला?’’ सून खाली वाकून म्हणाली. ‘‘तुम्हाला पाठच असेल.’’

ठोकून द्यायला अजून वाव होता. वय झालं, विसरलो, चष्मा घरी राहिला, काहीही चाललं असतं. पण पडद्यावरच्या त्या पायरीकडं बघून काटकोनांना फार वर्षांनी खरोखरची भीती वाटली, आणि भ्यालेल्या माणसाला खोटं सुचत नाही.

‘‘मला पाठ नाही,’’ ते म्हणाले, आणि माइक चालू असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. ‘‘मी आठव्यावर कधी गेलो नाही. आम्ही सातव्यावर मेलो. मी तुझ्याशी खोटं बोललो.’’

सुनेचा चेहरा उतरला. आत्ताच ज्या सगळ्यांना तिनं अभिमानानं सांगितलं होतं, ते सगळे तिच्याकडं बघत होते. काटकोनांना वाटलं, आता पुन्हा ‘चहा ठेवू का’ आणि ‘ठेव’. किंवा तेही नाही. पण लिफ्ट होती, गुडघे होते, आणि पायरी समोर होती.

‘‘परवानगी असेल तर आत्ता काढतो,’’ ते म्हणाले. ‘‘वेळ लागेल. एका पावलाला एक चौकोन.’’

परवानगी कोणी दिली नाही आणि नाकारलीही नाही. एका हातानं बटणं आणि दुसऱ्या हातानं पट्टी हे जमेना. दहाव्या चौकोनाला कागद सरकला, रेघ किंचित तिरकी गेली, आणि काटकोन ती खोडत बसले. तेव्हा सून आली, शेजारची खुर्ची ओढली, आणि कागदाचं टोक धरून बसली. थोड्या वेळानं कीबोर्डही तिनं स्वतःकडं घेतला. ‘पुढं?’ ती विचारी. ‘डावीकडं,’ ते म्हणत. दोघं एकमेकांकडं बघत नव्हते.

पावणेदोन तास लागले. अर्धे पाहुणे निघून गेले; उरलेले मात्र खुर्च्या पुढं ओढून बसले. एका चौकोनात पाय ठेवला, की सगळे वीर गर्रकन फिरत आणि उत्तरेची दक्षिण होई. काटकोनांनी ते तीन वेळा चालून पाहून खात्री केल्याशिवाय पुढं जाऊ दिलं नाही. सेक्रेटरींनी मतदानाचा विषय काढला, त्यांना सगळ्या रांगेनं गप्प केलं. शेवटी एक सोडून सगळे चौकोन भरले. त्या एका चौकोनात राक्षस होता. कंडक्टर उभे राहून म्हणाले, ‘‘चला, पुढं सरका,’’ आणि सुनेनं बटण दाबलं. दोन फेऱ्यांत सहाच्या सहा वीर संपले. पण मरण्यापूर्वी खोली दिसली होती, आणि काटकोनांनी ती काढून घेतली होती, दारासकट.

घरी येताना गाडीत सून खिडकीबाहेर बघत होती. मान न वळवता म्हणाली, ‘‘एवढं एक वाक्य सांगायला दीड वर्ष लागलं?’’ काटकोनांनी मांडीवरचा नकाशा सरळ केला. सोमवारी चहा मिळाला, पण विचारून नव्हे. टेबलावर ठेवलेला होता.

मंगळवारी ते आठवा स्तर शाईनं काढून, गुंडाळी करून कचेरीला निघाले, तर सून दारात चपला घालत होती. अर्धा दिवस रजा घेतली आहे, एवढंच म्हणाली. का, ते तिनं सांगितलं नाही आणि विचारायची काटकोनांची छाती झाली नाही. जिना उतरताना तिनं गुंडाळी त्यांच्या हातातून घेतली.

अभियंत्यांनी नकाशा टेबलावर पसरला. एकेक भिंत बघितली, उत्तरेचा बाण बघितला, ‘येथे दिशा बदलते’ ही टीप दोनदा वाचली. काम उत्तम आहे म्हणाले. मग पेनाचं टोपण काढून त्यांनी खालच्या मोकळ्या रकान्यावर बोट ठेवलं. आरेखकाची सही चालणार नाही. पाहणी करणारा माणूस वेगळा लागतो. ‘‘खाली प्रत्यक्ष कोण उतरलं होतं?’’

काटकोनांनी तोंड उघडलं. काय सांगणार होते ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात सुनेनं पेन घेतलं, रकान्यात ठसठशीत अक्षरात सही केली, आणि म्हणाली, ‘‘मी. बाबांबरोबर मी गेले होते.’’